मूत्रपिंडाचें रोपण, सुप्त विषाणु आणि स्त्रिया



१९४७ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं घडलेल्या एका प्रसंगापासून आजच्या विषयास आरंभ करतों. तेथील पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयांत एक तरुण स्त्री अत्यवस्थ होऊन पडली होती. गर्भपातानंतर झालेल्या जंतुसंसर्गानें तिचीं दोन्ही मूत्रपिंडें काम करीनाशीं झालीं होतीं. लघवी बंद, शुद्ध हरपलेली, आणि वैद्यांच्या हातीं वाट पाहण्यापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. डेव्हिड ह्यूम, चार्ल्स हफ्नागेल आणि अर्नेस्ट लँडस्टायनर या तिघां तरुण शस्त्रवैद्यांनीं एक धाडस योजिलें. यांतील लँडस्टायनर हा रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा मुलगा. नुकत्याच मृत झालेल्या माणसाचें मूत्रपिंड घ्यावयाचें, तें या बाईच्या कोपराजवळच्या रक्तवाहिन्यांस जोडावयाचें, आणि तिचीं स्वतःचीं मूत्रपिंडें सावरेपर्यंत त्या परक्या इंद्रियाकडून चाकरी करून घ्यावयाची, असा त्यांचा बेत होता. अशा मरणोन्मुख रुग्णाला शस्त्रक्रियागृहांत आणण्यास चालकांची संमति मिळेना. तेव्हां दालनाच्या टोकाच्या एका लहान खोलींत, टेबलावरच्या साध्या दिव्यांच्या उजेडांत, रात्रीं हें काम उरकण्यांत आलें. मूत्रपिंड हाताच्या बाहेरच राहिलें. तें रबराच्या पातळ कापडानें झांकून ठेवलें होतें. तें मूत्र गाळूं लागलें. थोड्याच अवधींत बाईंचीं मूळचीं मूत्रपिंडें पुन्हां चालूं लागलीं, परकें मूत्रपिंड काढून टाकण्यांत आलें, आणि बाई शुद्धीवर आल्या.

बहुतेक पुस्तकें ही हकीगत येथेंच सोडून देतात. पुढची गोष्ट अशी कीं, उपचारांत जें रक्त व रक्तद्रव चढविलें, त्याबरोबर काविळीचा विषाणु बाईंच्या शरीरांत शिरला, आणि मूत्रपिंडाच्या संकटांतून वांचलेली ती स्त्री पुढें यकृताच्या दाहानें मरण पावली. त्या विषाणूला त्या वेळीं कोणी ओळखतही नव्हतें.

शस्त्रवैद्यानें जिंकलेला डाव विषाणूनें उलटवावा, असें या विद्येच्या इतिहासांत पुढें अनेकदां घडलें. त्यांत स्त्रियांच्या वाट्याला जें विशेष आलें, तें आज सांगावें असा विचार आहे. मी वैद्य नव्हे; मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. औषधयोजना कोणी माझ्या तोंडून ऐकूं नये. तिच्यासाठीं ज्याचा त्याचा डॉक्टर आहे. पण डॉक्टरमंडळींना मागें वळून पाहण्यास सवड नसते, आणि आम्हां इतिहासवाल्यांना दुसरा उद्योग नसतो.

या इतिहासाचीं पहिलीं पानें चाळलीं तर प्रयोगाच्या टेबलावर बहुतेक स्त्रियाच दिसतात. फ्रान्समधील लियों शहरीं मात्यू जाबुले यांनीं १९०६ सालीं दोन बायकांना डुकराचें व बकरीचें मूत्रपिंड जोडून पाहिलें. दोन्ही निकामी ठरलीं. १९३३ च्या एप्रिलांत युक्रेनमधील खेरसॉन येथें यूरी व्होरोनॉय यांनीं मृत माणसाचें मूत्रपिंड प्रथमच दुसऱ्या माणसास बसविलें. ती पाऱ्याचें विष घेतलेली सव्वीस वर्षांची स्त्री होती. दात्याचा रक्तगट निराळा, आणि ती दोन दिवसांत गेली. १९५० सालीं शिकागोजवळ रिचर्ड लॉलर यांनीं रूथ टकर या बाईंना मूत्रपिंड बसविलें. तें दहा महिन्यांनीं काढावें लागलें. परकें इंद्रिय शरीर कां नाकारतें याचा उलगडाही एका भाजलेल्या बाईच्या अंगावरच झाला. ग्लासगो येथील रुग्णालयांत तिला तिच्या भावाची कातडी लावली. ती गळून पडली. दुसऱ्यांदां लावली, ती पहिलीपेक्षां लौकर गळली. टॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनीं १९४३ सालीं यावरून अनुमान काढलें कीं, शरीर परक्यास नुसतें घालवून देत नाहीं, तें त्याची ओळखही ठेवतें. मेडावर यांना पुढें १९६० चें नोबेल पारितोषिक मिळालें. गर्भपात, बाळंतपण, विषप्राशन, भाजणें हीं सारीं त्या काळच्या बायकांच्या नित्य संकटांपैकीं होतीं. म्हणून टेबलावर त्या अधिक आल्या, हा निव्वळ योगायोग आहे असें मला वाटत नाहीं.

पहिलें खरें यश मात्र पुरुषांच्या जोडीला मिळालें. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथेंच जोसेफ मरे यांनीं रोनाल्ड हेरिक याचें मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावास, रिचर्डला, बसविलें. दोघे एकाच गर्भबीजाचे, म्हणून रिचर्डच्या शरीराला तें परकें वाटलें नाहीं. त्यानंतर मे १९५६ मध्यें वांडा फॉस्टर हिनें आपलें मूत्रपिंड जुळी बहीण एडिथ हेल्म हिला दिलें. एडिथ तेव्हां एकवीस वर्षांची होती. मार्च १९५८ मध्यें तिला मुलगा झाला. दुसऱ्याचें मूत्रपिंड घेऊन आई झालेली ही जगांतली पहिली स्त्री. ती २०११ पर्यंत, म्हणजे शहात्तर वर्षांची होऊन, जगली. बहिणीचें मूत्रपिंड तिच्या शरीरानें आपलेंच मानल्यामुळें प्रतिकार दडपणाऱ्या औषधांची तिला गरज पडली नाहीं, आणि म्हणून विषाणूंनाही मोकळें रान मिळालें नाहीं. पुढच्या बायकांचें दैव इतकें सरळ नव्हतें.

जुळी बहीण कितीजणींना असणार? इतरांसाठीं शरीराचा प्रतिकारच मंदावणें भाग होतें. प्रथम सर्वांगावर क्ष-किरण सोडून पाहिले. त्यांत रुग्ण जंतुसंसर्गानें मरूं लागले. मग औषध आलें. तें ज्या बाईंच्या प्रयोगशाळेंतून आलें त्यांच्यापाशीं मी थोडा थांबणार आहें, कारण एक तर त्या कांहीं काळ माझ्याच पेशांत होत्या.

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म न्यूयॉर्क येथें १९१८ सालचा. रसायनशास्त्र घेऊन त्या १९३७ सालीं पदवीधर झाल्या, पण प्रयोगशाळांचे दरवाजे बायकांना बंद होते. एका ठिकाणीं तर, तुम्ही आलांत तर पुरुषांचें कामांत लक्ष लागणार नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें. म्हणून त्यांनीं शाळेंत मुलांना रसायन व पदार्थविज्ञान शिकविलें, आणि रात्रीं व सुटीच्या दिवशीं प्रयोग करून एम्. एस्सी. पुरी केली. १९४४ सालीं, महायुद्धामुळें पुरुष कमी पडत असतांना, जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखालीं त्यांना काम मिळालें. पेशींच्या वाढीस लागणाऱ्या द्रव्यांचीं नकली रूपें तयार करून वाढ रोखावयाची, ही त्या दोघांची युक्ति. त्यांतूनच अॅझाथायोप्रिन हें औषध निघालें. रॉय काल्न यांनीं तें कुत्र्यांवर तपासलें, आणि १९६२ सालीं बोस्टन येथें त्याच्या आधारानें सख्ख्या नात्याबाहेरचें मूत्रपिंड प्रथमच दीर्घकाळ टिकलें. पुढच्याच वर्षीं डेन्व्हर येथील टॉमस स्टार्झल यांनीं त्याला प्रेडनिसोनची जोड दिली. त्यानंतर नॉर्वेच्या डोंगरपठारावरील मातींतल्या बुरशीपासून निघालेलें सायक्लोस्पोरिन आलें, जपानांतल्या त्सुकुबा येथील मातींतून टॅक्रोलिमस आलें, मायकोफेनोलेट आलें. आणि जें मूत्रपिंड महिन्यांचें होतें तें वर्षांचें झालें.

परंतु याचें मोल मोजावें लागलें. दारावरचा पहारेकरी झोंपविला म्हणजे तो पाहुण्याला अडवीत नाहीं हें खरें. पण तो चोरालाही अडवीत नाहीं. आणि विषाणूंच्या बाबतींत चोर बाहेरून येतोच असें नाहीं. पुष्कळदां तो माजघरांत दडलेलाच असतो. कांजिण्यांचें उदाहरण घ्या. फोड सुकतात, खपल्या पडतात, आई नवस फेडते. पण विषाणु मज्जातंतूंच्या मुळाशीं दडून राहतो आणि पन्नास वर्षांनीं नागीण होऊन कमरेस वेढा घालतो. याच कुळांतला दुसरा विषाणु सायटोमेगॅलो, म्हणजे पेशी फुगविणारा. त्यानें बाधलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं घुबडाच्या डोळ्यासारखी दिसते. १९५६ च्या सुमारास अमेरिकेंत मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि टॉमस वेलर यांनीं तीन ठिकाणीं तो निरनिराळा हुडकून काढला. नांव वेलर यांनीं ठेविलें. निरोगी माणसास तो बहुधा जाणवतही नाहीं. पण १९६० नंतरच्या दशकांत मूत्रपिंड घेतलेले रुग्ण तापानें व फुप्फुसाच्या सुजेनें दगावूं लागले, आणि शवचिकित्सेंत तेच घुबडाचे डोळे वैद्यांकडे पाहूं लागले. १९७५ सालीं पिट्सबर्गच्या माँटो हो यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, हा विषाणु दात्याच्या मूत्रपिंडांतूनच घरांत येऊं शकतो. दात्याला तो होऊन गेलेला आणि घेणाऱ्याला कधींच झालेला नाहीं, ही जोडी सर्वांत धोक्याची.

आतां स्त्रियांचा संबंध पहा. हा विषाणु लहान मुलांच्या लाळेंतून व लघवींतून महिनोन्महिने बाहेर पडत असतो. मुलांचे लंगोट बदलणारे, उष्टें खाणारे, पटापट मुके घेणारे हात आणि ओठ कोणाचे असतात, हें सांगावयास नको. आपल्या देशांत बहुतेक सर्वांना तो लहानपणींच होऊन गेलेला असतो. त्यामुळें आपल्याकडील बायकांत नवा विषाणु येण्यापेक्षां जुनाच जागा होण्याचें भय अधिक. १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटीं गॅन्सायक्लोविर आणि २००१ मध्यें तोंडानें घ्यावयाचें व्हॅलगॅन्सायक्लोविर आल्यापासून या रोगाची दहशत पुष्कळ कमी झाली. आतां रोपणानंतर पहिले तीन ते सहा महिने हें औषध अगोदरच देतात, किंवा वरचेवर रक्त तपासून विषाणु डोकें वर काढतांच देतात.

दुसरी एक गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९५८ सालीं हॉलंडांतील लायडन येथें यॉन व्हान रूड आणि अमेरिकेंत रोझ पेन यांनीं एकमेकांस न कळत एकच शोध लावला. पुष्कळ बाळंतपणें झालेल्या बायकांच्या रक्तांत, नवऱ्याच्या पेशींशीं वैर धरणारीं द्रव्यें त्यांना आढळलीं. मूल अर्धें बापाचें असतें. त्याच्या पेशी आईच्या रक्तांत येतात, आणि आईचें शरीर त्यांची ओळख ठेवतें. ऊतींच्या जुळणीचें सारें शास्त्र या मातांच्या रक्तावरच उभें राहिलें. पण त्याच मातेला पुढें स्वतःला मूत्रपिंड हवें झालें म्हणजे हीच ओळख तिच्या आड येते. नवरा मूत्रपिंड द्यावयास तयार, मुलगा तयार. आणि तिच्या रक्तांत नेमकें त्यांच्याच विरुद्ध सैन्य उभें! अशा स्त्रीला जुळणारा दाता लौकर मिळत नाहीं, मिळाल्यास औषधें अधिक तीव्र द्यावीं लागतात, आणि जितकीं औषधें तीव्र तितकें विषाणूंचें फावतें. रक्तक्षयासाठीं पूर्वीं जें रक्त सारखें चढवावें लागे, त्यानेंही हेंच वैर वाढे. शिवाय त्या रक्ताबरोबर कावीळ येई ती निराळीच. १९६९-७० मध्यें एडिंबरा येथील मूत्रपिंड-विभागांत काविळीची अशी सांथ आली कीं, रुग्णांबरोबर त्यांची शुश्रूषा करणारेही मेले. ब्लूमबर्ग यांनीं ब काविळीची खूण ओळखली, १९८९ सालीं क काविळीचा विषाणु सांपडला, रक्त तपासून घेण्याची शिस्त आली, ब काविळीची लस आली, आणि बोस्टनच्या त्या बाईंचा मारेकरी निदान नांवानिशीं ओळखीचा झाला.

मूत्रपिंडालाच पोखरणारा बी. के. नांवाचा एक विषाणु आहे. १९७१ सालीं लंडन येथें सिल्व्हिया गार्डनर यांनीं तो एका रुग्णाच्या लघवींत शोधला, आणि त्या रुग्णाचीं आद्याक्षरें त्याला चिकटलीं. तो बायकांपेक्षां पुरुषांनाच अंमळ अधिक छळतो, म्हणून येथें नुसता उल्लेख करून पुढें जातों.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला तिच्याकडे येतों. बोस्टनचा तो तरुण शस्त्रवैद्य डेव्हिड ह्यूम पुढें व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड येथें गेला आणि तेथें त्यानें मोठा रोपण-विभाग उभारला. १९७० सालीं त्यानें सॉल के व विल्यम फ्रेबल या दोघां रोगनिदानतज्ज्ञांसह एक लेख प्रसिद्ध केला. मूत्रपिंड घेऊन प्रतिकार दडपणारीं औषधें खाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत विकृति व कर्करोग आढळूं लागल्याचें त्यांत सांगितलें होतें. ज्या माणसानें एका स्त्रीला मूत्रपिंडाच्या आधारानें जगवून काविळीला गमावलें होतें, त्याच्याच विभागांत तेवीस वर्षांनीं ही दुसरी सूचना मिळाली. ह्यूम १९७३ मध्यें विमान-अपघातांत मरण पावला. आपण पाहिलेल्या विकृतीच्या मुळाशीं विषाणु आहे, हें पुरतें सिद्ध झालेलें पाहण्यास तो राहिला नाहीं.

गर्भाशयमुखाच्या पेशी कांचेवर घेऊन तपासण्याची युक्ति ग्रीसमधील एव्हिया बेटावर जन्मलेले जॉर्ज पापानिकोलाऊ यांची. आपल्या पत्नीच्याच पेशींचे नमुने त्यांनीं वर्षानुवर्षें तपासले. ही तपासणी १९४० नंतर रूढ होत गेली. पण त्या पेशी बिघडतात कशानें, हें कोणी सांगूं शकत नव्हतें. १९८३ सालीं जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं दाखविलें कीं, चामखिळींच्या विषाणूंपैकीं कांहीं जाति, विशेषतः सोळावी, या कर्करोगाच्या मुळाशीं आहेत. त्यांना २००८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना आयुष्यांत केव्हां तरी भेटतो, आणि त्यांतल्या बहुतेकींचें शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हांकलून देतें. तीच हांकलण्याची शक्ति मूत्रपिंड घेतलेल्या स्त्रीनें, मूत्रपिंड टिकावें म्हणून, औषधाच्या गोळ्यांखालीं दाबून ठेवलेली असते. विषाणु ठाण मांडतो. पेशी हळूहळू, कांहींही दुखल्या-खुपल्याशिवाय, बिघडत जातात. गर्भाशयमुखाबरोबर बाह्य अंगाच्या व गुदद्वाराच्या कर्करोगाचेंही भय अशा स्त्रियांत वाढतें.

हा विषय उघड बोलण्यास संकोच वाटावा असा आहे, हें मी जाणतों. माझ्या आईच्या पिढींत तो नवऱ्याजवळही निघत नसे. पण याच संकोचामुळें होतें काय तें पहा. बाई दर महिन्याला मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जाते. तेथें क्रिएटिनिन पाहतात, औषधाची रक्तांतली मात्रा पाहतात, रक्तदाब पाहतात. गर्भाशयमुखाची तपासणी मूत्रपिंडाच्या डॉक्टरच्या कक्षेंत येत नाहीं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावयाचें तें बाळंतपण असेल तरच, अशी आपल्या घरांतली समजूत. त्यामुळें ती तपासणी दोघां वैद्यांच्या मधल्या फटींत पडून जाते. सामान्य स्त्रीनें जी तीन किंवा पांच वर्षांनीं करावयाची, ती अशा स्त्रीनें दरवर्षीं करावी असें तज्ज्ञ सांगतात. ही तपासणी अवघड असती, किंवा परदेशांतच होत असती, तर गोष्ट वेगळी. पण आपल्या महाराष्ट्रांतच, उस्मानाबाद म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, १९९९ पासून सव्वा लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रियांना घेऊन एक मोठें संशोधन झालें. बार्शीचें कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा रुग्णालय आणि लियों येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं तें चालविलें. २००९ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या विषाणूची एकच तपासणी आणि जरूर तेथें उपचार, एवढ्यानें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बाया रोपणाच्या रुग्ण नव्हत्या. शेतांत राबणाऱ्या धडधाकट बाया होत्या. मग ज्यांचा पहारेकरी औषधानें झोंपविलेला आहे, त्यांना ही तपासणी किती अधिक हवी!

गर्ट्रूड एलियन यांच्याकडे आणखी एकदां वळलें पाहिजे. ज्या बाईंच्या औषधानें प्रतिकार झोंपविला, त्यांच्याच प्रयोगशाळेनें पुढें अॅसायक्लोविर शोधून काढलें. कांजिण्या, नागीण व ओठांवरच्या फोडांचा विषाणु यांच्यावर नेमका मारा करणारें हें पहिलें प्रभावी औषध. कुलूप आणि किल्ली एकाच घरीं घडावी तशी ही गोष्ट आहे. १९८८ चें नोबेल पारितोषिक त्यांना हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर मिळालें. एवढ्या बाईंनीं डॉक्टरेट कधीं केली नव्हती. हें आम्हां मॅट्रिकवाल्यांना सांगतांना विशेष बरें वाटतें.

कांजिण्यांवरून आठवलें. माझी एक विद्यार्थिनी, आतां चाळिशीला आलेली, मूत्रपिंड घेऊन संसार करते. एकदां तिच्या जावेच्या मुलाला कांजिण्या आल्या. ही ना भेटावयास गेली, ना मुलाला बघावयास. वाड्यांत बोलणीं सुरू झालीं. एवढी शिकली-सवरली, पण दिराच्या पोराला डोळ्यांनीं पाहवेना हिला! मला तिनें हें सांगितलें तेव्हां मीं विचारलें, "डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून टाकायची होतीस." ती म्हणाली, "गुरुजी, चिठ्ठी दाखवली असती तर पुढच्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलंच नसतं." धाकट्या मुलांचें आजारपण काढणें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, बाळंतिणीला न्हाऊं-माखूं घालणें हीं आपल्याकडे बाईचीं कामें, आणि विषाणूची भेट होते ती नेमकी त्यांतच. पुरुष रुग्णाला घरचे बैठकींत बसवून ठेवतात. बाईला मात्र आपला दुरावा समजावून सांगावा लागतो, किंवा सोसावा लागतो.

आई होण्याची गोष्ट राहिली. एडिथ हेल्मनंतर मूत्रपिंड घेतलेल्या हजारों स्त्रिया आई झाल्या, औषधें चालूं असतांनाही झाल्या. अॅझाथायोप्रिन व टॅक्रोलिमस घेऊन मूल होऊं शकतें. मायकोफेनोलेट मात्र गर्भास घातक, तें दिवस राहण्यापूर्वीं निदान सहा आठवडे थांबवून दुसरें औषध द्यावें लागतें. रोपणानंतर निदान एक वर्ष थांबावें, असें वैद्य सांगतात, त्याचें कारण मूत्रपिंड स्थिर व्हावें हें तर आहेच. पण पहिल्या वर्षींच सायटोमेगॅलो विषाणु जागा होण्याचें भय सर्वांत अधिक, हेंही आहे. तो आईकडून गर्भाला गेला तर मूल बहिरें जन्मूं शकतें. आईला ब कावीळ असली तर मुलाला जन्मतांच लस व प्रतिद्रव्यें टोंचतात. सासरीं पाळणा कधीं हलणार म्हणून विचारणें सुरू होतें, तें बहुधा पहिल्याच वर्षीं. त्या विचारणाऱ्यांना हें वर्षाचें कारण कोणी तरी सांगावयास हवें.

हिंदुस्थानांत मूत्रपिंडाचें पहिलें रोपण मे १९६५ मध्यें मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत झालें, तें टिकलें नाहीं. १९७१ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत जिवंत दात्याचें मूत्रपिंड बसविण्याचें काम यशस्वी झालें. इंद्रियांच्या विक्रीचा बाजार मांडला गेल्यावर १९९४ चा कायदा झाला; तो प्रथम लागू करून घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा होते, ही आपल्याला भूषणास्पद गोष्ट आहे. पण कायदा हिशेब बदलूं शकला नाहीं. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत आया, बायका, बहिणी यांची संख्या मोठी; घेणाऱ्यांत मात्र पुरुषच फार अधिक. नवऱ्याला बायकोनें दिलें तर त्याची बातमी होत नाहीं, बायकोला नवऱ्यानें दिलें तर होते. म्हणूनच ज्या थोड्या स्त्रियांना तें मिळतें, त्यांचें मूत्रपिंड चांगलें चालत असतांना एखाद्या विषाणूनें त्यांना न्यावें, हें मला सहन होत नाहीं.

यांतलें पुष्कळसें काम रोपणाच्या आधींच्या काळांत, बाई डायालिसिसवर असतांनाच, उरकतां येतें. दाता शोधणें, पैसे जमविणें, कागदपत्रें या धांवपळींत तें विसरलें जातें इतकेंच. ब काविळीची लस डायालिसिसच्या रुग्णास नेहमींपेक्षां मोठ्या मात्रेनें देतात. गर्भाशयमुखाची तपासणी तेव्हांच करून घेतां येते. चामखिळींच्या विषाणूवरील लस जगांत २००६ सालीं आली. पुण्याच्या सीरम संस्थेनें तयार केलेल्या देशी लशीला २०२२ मध्यें परवानगी मिळाली. ती मेलेल्या कवचाची आहे, जिवंत विषाणूची नव्हे, म्हणून रोपणानंतरही घेतां येते. पण तेव्हां शरीर तिला नीट दाद देत नाहीं. प्रतिकार दुबळा असलेल्या मुलीला ती तीन वेळां टोंचून घ्यावी लागते. कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची. ती रोपणाच्या निदान चार आठवडे आधीं घ्यावी लागते; नंतर देत नाहींत.